गिटार हाताप्रमाणे बदलता येते

टाळेबंदीच्या काळात हौसेने घेतलेल्या कितीतरी गिटारी आज माळ्यावर पडून आहेत. कारण विचारले की ‘आपल्या अंगात कलाच नाही’ असे उत्तर मिळते. पन्नाशीच्या शिकाऊ वादकाबाबत ते बरेचदा खरे नसते. अडचण कलेची नसून सांध्यांची असते.

सुरुवातीच्या काही महिन्यांतच ‘एफ’ कॉर्ड येते. तर्जनी आडवी ठेवून तारा एकदम दाबायच्या आणि उरलेली बोटे ताणून पुढे न्यायची. विशीतला हात हे सरावाने शिकतो. पण आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की काहींच्या हाताची त्वचा आणि सांध्यांभोवतीच्या पेशी ताठर होतात. नमस्कार करताना दोन्ही तळवे आणि बोटे एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत, यावरून ते घरच्या घरी ओळखता येते. अशा हाताने रोज तासभर ‘एफ’ कॉर्ड घोटून ती जमेलच असे नाही, बोट मात्र दुखावेल.

तारांमुळे बोटांची टोके दुखणे साहजिक आहे; काही आठवड्यांत तिथली कातडी जाड होते. मात्र अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येणे, रात्री हात बधिर होऊन जाग येणे, किंवा वाकवलेले बोट अडकून ‘टक्’ करून सुटणे ही वेगळी लक्षणे आहेत. पहिल्या दोन्हींत मनगटातली नस दबलेली असू शकते, तिसऱ्यात स्नायूबंधाचे आवरण आकसलेले असते. मधुमेहींमध्ये हे दोन्ही विकार अधिक आढळतात. बोटांची संवेदनाच कमी झालेल्यांना तर स्टीलच्या तारेने कातडी कापल्याचेही कळत नाही. दवाखान्यात यावर ‘वाजवणे बंद करा’ एवढेच सांगितले जाते. ते सोपे उत्तर आहे, पुरेसे नाही.

बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात १९६५ साली सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचाच हात गेला. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. १९२८च्या आगीत हात भाजल्यावर राइनहार्ट मुख्यतः दोन बोटांनी एकल वादन करत असे. आयोमीने वितळवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या बोटांवर चढवल्या, तारा हलक्या लावल्या आणि पुढे सूरही उतरवला.

शिकाऊ माणसाला एवढी कसरत नको. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला की बोटांचा ताण कमी होतो. हलक्या तारा बसवून, दुकानदाराकडून त्यांची उंचीही कमी करून घेता येते. नायलॉनच्या तारा मऊ असतात, पण त्या गिटारची मान रुंद असते, तेव्हा लहान हाताच्या व्यक्तीने आधी धरून पाहावी. डाव्या पायाखाली पाट ठेवून मान वर उचलली तर मनगट कमी वाकते. तासभर एकदा बसण्यापेक्षा दहा मिनिटे तीनदा बरी. संधिवात असेल तर सकाळचा ताठरपणा ओसरल्यावरच बसावे.

आणि बोटे अगदीच वाकत नसतील तर हवाईयन गिटार आहे. ती आडवी ठेवतात. डाव्या हाताने तारा दाबायच्या नसतात, धातूची कांडी त्यांवरून सरकवायची असते. पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा याच पद्धतीने वाजते. ही कांडी मात्र ताठर बोटांना सैल न धरता येईल इतकी बारीक घेऊ नये.