मताचे मोल आणि थैलीचे मोल



विधानसभेच्या निवडणुकीत आपल्या वस्तीत कोण किती वाटून गेला, याची चर्चा आपण चवीने करतो. परंतु वाटणाऱ्याची थैली कोणी भरली, हा प्रश्न आपण विचारतो काय? खरा घाव तेथेच आहे.

कायदा पाहा. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवारास ४० लाख रुपयांपेक्षा अधिक खर्च करता येत नाही, अशी मर्यादा २०२२ साली घालण्यात आली. अनुसूचित जातीच्या उमेदवारास १०,००० ऐवजी ५,००० रुपये अनामत पुरते. केवढे हे औदार्य! परंतु पुढे खर्चाच्या आखाड्यात मजुराचा मुलगा आणि कारखानदाराचा मुलगा एकाच मापाने मोजले जातात. शिवाय हे बंधन उमेदवारापुरते. पक्षाने सर्वसाधारण प्रचारावर किती उधळावे, यास मर्यादाच नाही. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही हिशेबात धरावा, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली दिला, तेव्हा सरकारने काही आठवड्यांतच वटहुकूम काढून तो निष्प्रभ केला. २००३ साली ती पळवाट अरुंद झाली, बुजली नाही.

हा धोका कोणाला दिसला नव्हता असे नाही. कंपन्यांच्या देणग्यांमुळे लोकशाही धोक्यात येईल, असा इशारा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी टाटांच्या पोलाद कंपनीच्या प्रकरणात १९५७ सालीच दिला होता. १९६९ साली अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ साली ती उठली आणि २०१७ साली नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढून टाकण्यात आली. मग आले निवडणूक रोखे! देणारा कोण हे मतदारास कळू नये, अशी ही व्यवस्था. विधानसभा निवडणुकांच्या वर्षी रोखेविक्रीस आणखी १५ दिवस मिळावेत, अशी दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरविली. तोवर १६,००० कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले होते.

यात आपले काय गेले, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही त्या खुल्या झाल्या. परंतु १९३२ च्या पुणे करारापासून राखीव जागेचा प्रतिनिधी संयुक्त मतदारसंघातूनच निवडला जातो. त्यातच तिकीट पक्षाचे आणि थैली धनिकांची असेल, तर गायरान जमिनीच्या प्रश्नावर तो तोंड उघडेल तरी कसा? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितले होते की, राजकारणात समता आणि समाजात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. थैलीने ती विसंगती थेट मतपेटीत नेऊन बसविली आहे.

मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा, दोघेही कायद्याने गुन्हेगार. पण थैली भरणाऱ्या शेठजींच्या दारी कधी धाड पडलेली पाहिली आहे काय?

तेव्हा पक्षांच्या खर्चासही मर्यादा हवी. इंग्लंडात ती २००० सालच्या कायद्याने आली, येथे का नाही? हा प्रश्न मते मागावयास येणाऱ्या प्रत्येकास विचारा. आणि निकालानंतर ३० दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवारास जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. नाममात्र फी भरून तो कोणासही पाहता येतो. आपल्या शिकलेल्या मुलामुलींना त्या कचेरीत पाठवा. गावात किती मंडप पडले, किती गाड्या फिरल्या, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे; कागदावर त्यातले किती उतरले, तेही त्यांना पाहू द्या.