येते-जाते म्हणणाऱ्यांनी मांजरीला दार करून द्यावं

"मांजर आमची नाही, नुसती येते-जाते." अमरावतीत हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता त्यावर माझा विश्वास उरलेला नाही. ही 'आमची नसलेली' मांजर सकाळी नेमकी दूधवाल्याच्या मागोमाग हजर होते. तिची वाटी मोरीपाशी ठरलेली असते. एखाद दिवस दिसली नाही तर घरातली आजी कंपाउंडपाशी उभी राहून हाका मारते, आणि थंडीत मांजर नातवाच्या पांघरुणात सापडते. तरी ती आमची नाही! कारण आमची म्हटलं की लस आली, ऑपरेशन आलं, गावाला जाताना तिची सोय करणं आलं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की जिला रोज खाऊ घालता तिला घरात यायला-जायला तिचं स्वतःचं दार करून द्या. सहा बाय सात इंचांचं, झुलत्या झडपेचं. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे हे बोललो की लोक म्हणतात, बिजागऱ्या खपवतोय. म्हणू द्या. एका झडपेला लागतात किती बिजागऱ्या!

हे डोक्यात आलं ते एका ताईमुळे. रुक्मिणीनगराकडून आल्या होत्या, मांजरीच्या दाराला काय काय सामान लागेल ते विचारत होत्या. दुकानात आमचे एक मिस्त्री बसले होते. ते हसायलाच लागले. "मांजरीले दरवाजा? काहून, थे काय पावनी हाये का?" ताई शांतपणे म्हणाल्या, "पावनी नाही म्हनूनच तर पायजे, भाऊ. पावन्याले दार आपन उघडून देतो." मिस्त्री गप्प झाले. नंतर ते काम त्यांनीच केलं, आणि आता आमच्याकडे असल्या कामाला तेच जातात.

मी मूळचा अकोल्याचा, वडील दालमिलमध्ये मुनीम होते. संक्रांतीच्या पुढेमागे नवी तूर यायला लागली की गोदामात पोत्यांच्या थप्प्या छताला टेकायच्या, आणि पोती आली की उंदीर आलेच. गोदामाच्या लाकडी फाटकाची खालच्या कोपऱ्यातली फळी वीतभर कापलेली होती. ती मांजरींसाठी आहे हे हमालांपासून शेठपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. त्या फटीला कोणी नाव दिलं नव्हतं आणि वडिलांच्या खतावणीत तिचा खर्च कुठे पडला नव्हता. पण मांजरी कामावर होत्या आणि त्यांच्या येण्या-जाण्याची व्यवस्था होती.

इंग्लंडात एक्झेटर नावाच्या गावी मोठं कॅथीड्रल आहे. तिथल्या खगोलीय घड्याळाखालच्या लाकडी दारात असंच एक गोल भोक आहे. घड्याळाच्या यंत्राला चरबीचं वंगण लावत, त्या वासाने उंदीर येत, म्हणून मांजरीला वाट करून दिली. त्यांच्या जमाखर्चात १५९८ साली बिशप विल्यम कॉटन यांच्या वेळी हे भोक पाडणाऱ्या सुतारांना आठ पेन्स दिल्याची नोंद आहे. मुनीमाचा मुलगा असल्यामुळे त्या भोकापेक्षा मला ती नोंद जास्त आवडते. मांजरीसाठी केलेला खर्च त्यांनी लपवला नाही. (न्यूटनने मांजरीसाठी मोठं आणि पिलासाठी छोटं अशी दोन भोकं पाडली, ही गोष्टही कोणी ना कोणी सांगतंच. ती छापली गेली न्यूटनला जाऊन जवळपास शंभर वर्षं झाल्यावर. मी ती धरत नाही.)

आपल्याकडे जुन्या घरांना असलं काही लागत नव्हतं. धाब्याचं किंवा कवेलूचं घर असलं की मांजर कुठूनही उतरायची, दुधाचं भांडं फक्त शिंक्यावर ठेवायचं. पुढे स्लॅब आला, खिडक्यांना ग्रील आले, डेंग्यूच्या भीतीने प्रत्येक तावदानामागे जाळी आली, दर्शनी दाराबाहेर लोखंडी सेफ्टी डोअर आलं. घर सगळीकडून बंद झालं आणि मांजर मात्र तीच राहिली. आता ती पहाटे चारला जाळीवर नखं ओढते, घरातलं कोणीतरी शिव्या देत उठतं, दार उघडतं, आणि ती उंबऱ्यात उभी राहून विचार करते की बाहेर जावं की नाही.

आता कामाचं बोलतो. आमच्या बाजारात तयार झडप मागितली तर दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघेल. ऑनलाइन मिळते. पण मिस्त्रीकडून करून घेणं मला बरं वाटतं, कारण आपल्या खिडक्या-दारांची मापं कंपनीच्या मापात बसत नाहीत. सगळ्यात सोपी जागा अंगणाकडच्या खिडकीतला जाळीचा पल्ला. ग्रीलच्या गजांतून मांजर तशीही निघते, अडते ती जाळीला. पल्ल्याच्या कोपऱ्यातली जाळी कापायची, तिथे बारा एमएमच्या वॉटरप्रूफ प्लायचा तुकडा बसवायचा, त्यात भोक पाडायचं आणि वरून झडप लटकवायची. झडपेला तीन एमएमचं पारदर्शक ॲक्रिलिक घ्यावं. पलीकडे काय आहे ते दिसल्याशिवाय मांजर डोकं घालत नाही. मिस्त्री हटकून पत्रा सुचवतात. मे महिन्यात अकोल्या-अमरावतीत पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा त्या पत्र्याला तुम्ही बोट लावून बघा, मग मांजरीने नाक लावायचं की नाही ते ठरवा. ॲक्रिलिकही पश्चिमेच्या उन्हात तापतं, म्हणून झडप शक्यतो पूर्वेला किंवा उत्तरेला.

दारातच बसवायची असेल तर भोकाची खालची कड जमिनीपासून पाच-सहा इंचांवर, मांजरीच्या पोटाच्या उंचीला ठेवावी. भोकाच्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करून घ्याव्यात. झडप चारी बाजूंनी थोडी मोकळी हवी, नाहीतर पावसाळ्यात प्लाय फुगला की ती अडकते. मिटून राहायला खाली लहान चुंबक पुरतं. किचनच्या कपाटाचं चुंबक लावू नका, ते मांजरीच्या डोक्याला भारी होतं. आणि आतून एक खटका हवाच. तयार झडपेला बहुधा चार खटके असतात: फक्त आत, फक्त बाहेर, दोन्हीकडे, पूर्ण बंद. मिस्त्रीच्या झडपेला साधी कडी चालते. परदेशात मांजरीच्या मानेत बसवलेली तांदळाएवढी चिप ओळखून आपल्याच मांजरीला उघडणारी झडपही मिळते. शेजारचा बोका आत येऊन दिवाणावर फवारा मारून जातो, त्यावर तो खरा इलाज. पण बोक्याचं मूळ कारण वेगळं आहे, त्याकडे पुढे येतो.

सगळ्यात आधी लोक विचारतात सापाचं. वऱ्हाडात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पावसाळ्यात रात्री घरात शिरणारी मण्यार काय असते ते शेताला लागून राहणाऱ्यांना विचारा. नुसत्या चुंबकाच्या झडपेने साप अडत नाही, हे मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो. म्हणून दिवेलागणीला मांजर आत घ्यायची आणि खटका लावायचा. कडेला ब्रशची पट्टी लावलेली, खटका घातलेली झडप ही तुमच्या सेफ्टी डोअरखालच्या फटीपेक्षा जास्त बंद असते. त्या फटीबद्दल मात्र कोणी विचारत नाही. रात्री बंद ठेवायला आणखीही कारणं आहेत. मोकाट कुत्री आहेत, बोक्यांच्या लढाया आहेत, आणि पोहरा-मालखेडच्या जंगलाकडच्या वस्त्यांत तर बिबट्याही आहे. अमरावती विद्यापीठाच्या आवारात तो दिसल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत.

दुसरी गोष्ट कुलरची, आणि ती कुठल्या परदेशी माहितीपत्रकात सापडायची नाही. आपला कुलर बाहेरची हवा आत ढकलतो. ती बाहेर जायला वाट नसेल तर खोली थंड होण्याऐवजी दमट होते, म्हणून समोरची एक खिडकी आपण किलकिली ठेवतोच. आमच्या घरी ही वाट झडपेने काढली. कुलर सुरू झाला की चुंबक सुटतं, झडप बाहेरच्या बाजूला उचलून धरल्यासारखी राहते आणि आमची मांजर भुरी खुशाल खालून निघून जाते. ती उन्हाळ्यात फार लवकर शिकली म्हणून आम्ही खूश होतो. मृग लागला, कुलर बंद झाला, झडप चुंबकाला चिकटली, आणि बाई समोर बसून आमच्याकडे बघू लागल्या. झडप ढकलावी लागते हे तिला कळलेलंच नव्हतं.

मग माझ्या मुलीने तिला रीतसर शिकवलं. पहिले काही दिवस झडप काढूनच टाकली, नुसतं भोक. मग भोकावर जुन्या ओढणीची पट्टी लटकवली, अंगाला काहीतरी लागतं याची सवय व्हावी म्हणून. मग झडप लावून ती सुतळीने अर्धी वर बांधली, आणि सुतळी हळूहळू सैल करत नेली. जेवणाच्या आधी, पोटात भूक असताना शिकवायचं. पलीकडे बाजारातल्या सुकटीतले एक-दोन झिंगे ठेवायचे. जास्त नको, त्यात मीठ फार असतं. दुधाने भुलवू नये. मोठ्या मांजरींना बहुतेक वेळा दूध पचत नाही, हे आपल्या गावीही नसतं. भुरीला शेवटपर्यंत भीती वाटली ती चुंबकाच्या 'टक्' आवाजाची, म्हणून मुलीने चुंबकावर काही दिवस चिकटपट्टी लावली. मिस्त्री येऊन बघून गेले. "ढकला ना तिले मांगून," म्हणाले. हे मात्र कोणी करू नये. मांजर मिशांनी भोकाची रुंदी जोखते, डोकं गेलं की मग अंग नेते. एकदा जबरदस्तीने कोंबली की त्या दाराचं नाव घेत नाही.

आता बोक्याचं. तो फिरतो ऑपरेशन न झालेल्या मादीच्या मागे. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षात दोन-तीनदा हे होऊ शकतं. येते-जाते म्हणणाऱ्या घरांत त्या पिलांचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पोत्यात घालून कोणीतरी अकोल्यात मोर्णा नदीच्या पलीकडे नाहीतर अमरावतीत इतवाऱ्यात सोडून येतं, आणि परत येऊन हात धुऊन चहा पितं. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात प्राणी असा टाकून देणं गुन्हा आहे. पण मांजर आमची नव्हतीच म्हटलं की गुन्हाही आमचा नाही! माझा सगळा राग या पळवाटेवर आहे. घराच्या खिडकीत मांजरीच्या मापाचं दार असलं की ही पळवाट बंद होते. शेजाऱ्यांना दिसतं, पाहुण्यांना दिसतं, आणि मुख्य म्हणजे घरातल्या पोरांना दिसतं की मांजर आपली आहे. मग तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी ती परत, मादी-बोका जे असेल त्याचं वेळेत ऑपरेशन, हे ओघाने येतं. मांजरीच्या चाव्यातूनही रेबीज होतो, हे अजून कितीतरी शिकलेल्या लोकांना सांगावं लागतं. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, त्यामुळे या भागात जाणते डॉक्टर नाहीत असं कोणी म्हणू नये. अकोला आणि अमरावती दोन्ही महापालिकांनी कुत्र्यांबरोबर मांजरांच्या नसबंदीचाही विचार करावा, ही माझी मागणी आहे. पण महापालिकेची वाट बघत घरच्या मांजरीला वर्षातून तीनदा विऊ देणं बरोबर नाही.

या सगळ्यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. मांजर बाहेर सोडूच नये, असं म्हणणारे जाणकार आहेत. बाहेर गाड्या आहेत, रोग आहेत, आणि मांजर बुलबुल-चिमण्या मारते ते वेगळंच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी त्यांचंच ऐकावं. तिथे झडप जाळी लावलेल्या बाल्कनीपुरती ठेवावी. मुख्य रस्त्यालगत घर असेल तरीही तेच. पण वऱ्हाडातल्या अंगण असलेल्या घरातली, जन्मापासून गच्चीवर वाढलेली मांजर कोंडून ठेवा असं सांगितलं तर कोणी ऐकणार नाही, आणि येते-जाते हेच चालू राहील. पहाटे आणि तिन्हीसांजेला, पाखरांच्या वेळी, झडप बंद ठेवली तर शिकार बरीच कमी होते. मी एवढ्यावर तडजोड केली आहे.

अलीकडे कोणी मांजरीच्या दाराचं सामान मागायला आलं की मी आधी विचारतो, ऑपरेशन झालं का? लस दिली का? परवा बडनेऱ्याहून आलेल्या एकाने माझ्याकडे बघून घेतलं. "काकाजी, बिजागरी विकाची हाये का सोयरीक जमवाची हाये?" सामान बांधून दिलं, आणि ज्या डॉक्टरांकडे भुरीला नेतो त्यांचा नंबर त्याच पुडीवर लिहून दिला.