भट्टीचा पहारेकरी

मुलांनो, बेकरीतल्या गॅसच्या ओव्हनला डोळे नसतात, तरी आतला पाव करपत कसा नाही? कारण तिथं एक पहारेकरी असतो, थर्मोस्टॅट!

ओव्हनच्या आत पेन्सिलीसारखी धातूची बंद नळी असते. तिच्यात द्रव भरलेला असतो. उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात, हे तुम्ही शिकलात ना? भट्टी तापली, की द्रव प्रसरण पावतो आणि एका बारीक नळीतून बटणामागच्या लवचीक डबीला फुगवतो. डबी फुगली, की गॅसची झडप मिटू लागते. बर्नर विझू नये म्हणून बहुतेक ओव्हनमध्ये थोडा गॅस चालूच राहतो. भट्टी निवली, की द्रव आकसतो, झडप पुन्हा उघडते. हॉटेलातल्या मोठ्या सपाट तव्यालाही असा पहारेकरी बसवतात.

आता सांगा, बटण १८० ऐवजी २५० अंशांवर फिरवलं तर ओव्हन लवकर तापेल? नाही! थंड ओव्हनची झडप आधीच पूर्ण उघडी असते. फक्त थांबायची जागा पुढे सरकते आणि पाव करपतो.

बारीक नळी फुटून द्रव गळाला तर? डबी फुगणार नाही, झडप मिटणार नाही, भट्टी तापतच जाईल! म्हणून दुरुस्ती जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यायची.

घरच्या इस्त्रीतही थर्मोस्टॅट असतो, पण द्रवाशिवाय. तो कसा चालत असेल? इस्त्री उघडायची नाही हं, आई-बाबांना विचारा!