कर्जदाराच्या शिलकीचे काय?

बँकेच्या दप्तरात एकच माणूस दोन ठिकाणी असतो. गृहकर्जाच्या खात्यात देणेकरी, बचत खात्यात घेणेकरी. व्याज मात्र दोन्हीकडे वेगळ्या दराने! या दोन खात्यांची सांगड घालणारी एक सोय आहे. ऑस्ट्रेलियात ती सर्रास चालते. आपल्याकडे स्टेट बँकेची 'मॅक्सगेन' योजना त्याच जातीची.

समजा, ३० लाखांचे कर्ज आहे, व्याज ८ टक्के. जवळचे ५ लाख कर्जाशी जोडलेल्या खात्यात ठेवले, तर व्याज २५ लाखांवरच लागते. वर्षाला सुमारे ४० हजार वाचतात. बचत खात्यात अडीच टक्क्यांनी साडेबारा हजारच मिळाले असते. शिवाय वाचलेले व्याज म्हणजे उत्पन्न नव्हे, त्यावर आयकर नाही. आणि पैसे अडकत नाहीत. गरज पडली की काढावेत, त्या दिवसापासून व्याज पुन्हा सुरू.

अटीही आहेत. ठेवलेल्या रकमेवर वेगळे व्याज मिळत नाही. ती मुद्दलाची परतफेडही धरली जात नाही. हप्ता ठरलेलाच राहतो. ऑस्ट्रेलियात तर स्थिर दराच्या कर्जांना ही सोय बहुधा नसतेच. या अटी मी समजू शकतो. खटकते ती 'मॅक्सगेन'मधली किमान २० लाखांच्या कर्जाची अट.

माझे वडील गवंडी आहेत. दिवाळीनंतर हातात पैसा खेळतो, पावसाळ्यात काम बंद. उन्हाळ्यात साठवायचे आणि श्रावणात काढायचे, हाच आमच्या घरचा अर्थसंकल्प! अशी सोय खरी उपयोगाची याच माणसांना, पण त्यांची घरकर्जे चार-पाच लाखांची. त्यातले पन्नास हजार सहा महिने जोडखात्यात राहिले, तर आठ टक्क्यांनी दोन हजार वाचतील. पगारदार साहेबाला ही रक्कम क्षुल्लक वाटेल. आमच्याकडे तो महिन्याचा किराणा आहे.

छोट्या खात्यांचा एवढा हिशेब परवडत नाही, असे कोणी म्हणेल. पूर्वी बचत खात्यावरचे व्याजही महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकीवर मोजले जाऊ लागले. खात्यात शंभर रुपये असोत की लाख, तो हिशेब बँका आजही बिनतक्रार करीत आहेत.