तिचे ‘पित्त’ आणि आपली दिरंगाई

कर्त्या पुरुषाच्या छातीत कळ आली की सारे घर धावते. बाईच्या छातीतही कळ येते. पण तिच्यात धाप, मळमळ, जबड्यात वा पाठीत दुखणे ही लक्षणे सोबत अधिक वेळा असतात. मग ‘पित्त झाले असेल’ म्हणून तिला लिंबू-सोडा दिला जातो.

दुजाभाव रुग्णालयांतही होतो. हृदयरोगाने दाखल झालेल्या स्त्रियांची अँजिओग्राफी पुरुषांपेक्षा कमी वेळा झाल्याचे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स व मेरीलँड या राज्यांच्या नोंदींवरून १९९१ साली उघड झाले. आपला आजार पुरुषासारखाच आहे हे सिद्ध केल्यावरच स्त्रीला बरोबरीचे उपचार मिळतात, अशी टीका डॉ. बर्नाडीन हिली यांनी त्याच वर्षी केली.

झटक्याच्या संशयित रुग्णाचा ईसीजी रुग्णालयात पोचल्यापासून १० मिनिटांत व्हावा, हा वैद्यकीय दंडक स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. समाजाच्या सभागृहात मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारा, आपल्या वॉर्डाजवळच्या सरकारी दवाखान्यात रात्री ईसीजी निघतो का? आणि समाजबांधवांनो, घरच्या बाईला असा त्रास झाला तर सकाळची वाट न पाहता लगेच १०८ ला फोन करा.