शेजाराचे क्षेत्रफळ

वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर, हा भाडेकरूंच्या दीर्घ लढ्याचा विजय होय. चाळीच्या स्मरणरंजनाशी आम्हांस कर्तव्य नाही. सामाईक संडासापुढच्या रांगेत रम्य असे काहीच नव्हते.

तथापि एका मजल्यावरच्या वीस खोल्यांमधून जाणाऱ्या त्या मार्गिकेत असे काही होते, ज्याची नोंद कोणत्याही करारनाम्यात झाली नाही. सकाळी म्हाताऱ्याचे दार उघडले नाही, तर शेजारी कडी वाजवी. एकाकीपणाने वार्धक्यात नैराश्य बळावते, हे वैद्यकशास्त्रही मानते. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा निर्वाहाचा भार मुलांवर टाकतो. शेजाराविषयी तो मौन बाळगतो. आणि सदनिका सोडतीने वाटल्या की चाळीस वर्षांचा शेजार वीस मजल्यांनी दुरावतो.

उरलेल्या इमारतींत एका मजल्यावरची कुटुंबे एकत्र ठेवावीत, मजल्यागणिक बसण्यापुरती सामाईक जागा राखावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी वाटपापूर्वीच म्हाडापुढे मांडली पाहिजे. देखभाल खर्चाच्या वादात ती मागे पडण्याचा धोका आहे.