शंभर संधींत पारख होते का?

अमेरिकेत बेसबॉलचे व्यावसायिक संघ 1965 पासून दरवर्षी शाळा-कॉलेजांतले होतकरू खेळाडू पाळीपाळीने निवडतात. निवडलेल्यांना आधी दुय्यम सामन्यांत खेळवतात आणि तिथले आकडे पाहून त्यांचे भवितव्य ठरवतात. माझ्या मते घाई होते ती इथेच.

चेंडूचा वेग रडारने चटकन मोजता येतो. फलंदाजाचे कौशल्य मात्र यशापयश मोजूनच कळते. समजा, एखाद्याची कुवत शंभर संधींत 27 यशस्वी फटक्यांची आहे. तरी निव्वळ योगायोगाने हा आकडा चार-पाचाने सहज इकडेतिकडे सरकेल. (100 × 0.27 × 0.73 चे वर्गमूळ काढून पाहाच!) मग 31 वाला हिरा आणि 23 वाला गारगोटी, हे कशावरून? संधी 400 केल्या, तर शेकडेवारीतली ही अनिश्चितता निम्मी होते.

1988 च्या निवडीत माइक पियाझाचा क्रमांक होता 1,390 वा! दुय्यम सामन्यांत त्याला 1989 पासून चार हंगाम खेळायला मिळाले. 2016 मध्ये बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचा समावेश झाला. त्या चार हंगामांऐवजी चारच आठवडे मिळाले असते तर?